प्रिंटर बिघडलाय: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. घरात ऑल-इन-वन इंकजेट आहे, चारेक वर्षं जुना. महिन्यातून एखाद-दोनदाच प्रिंट काढली जाते, बहुतेक काळ्या अक्षरांची, अधूनमधून मुलांच्या प्रोजेक्टसाठी रंगीत. हल्ली काळ्या मजकुरात आडवे पांढरे पट्टे येतात आणि नवं काळं कार्ट्रिज टाकूनही फरक पडला नाही. कागद कधी ओढलाच जात नाही, कधी दोन-तीन एकदम जातात. लॅपटॉपवर मधूनच 'ऑफलाइन' दिसतं. दुरुस्तीवर खर्च करावा का, आणि नवा घ्यायचा तर इंक टँक (कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई भरायचा इंकजेट) घ्यावा की लेझर, असं तुम्ही विचारलंय.

यंत्र एक असलं तरी बिघाड तीन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पट्टे येणं हे शाईच्या वाटेवरचं दुखणं. कागद नीट न ओढणं हे रबराच्या रोलरचं. 'ऑफलाइन' तर बहुतेक वेळा प्रिंटरचं दुखणंच नसतं. तिन्ही एकदम समोर आले की यंत्राचं आयुष्य संपलं असं वाटतं आणि माणूस नव्याच्या शोधाला लागतो. घरगुती प्रिंटरच्या दुरुस्तीत मी बरीच वर्षं आहे, आणि भंगारात निघालेल्या कितीतरी प्रिंटरांत मोडलेलं असं काहीच नव्हतं. चांगलं यंत्र असं टाकलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आधी तपासणी, खरेदीचं नंतर.

पहिली तपासणी लॅपटॉप बंद ठेवून करा. स्कॅनरच्या काचेवर एखादं स्वच्छ छापलेलं पान पालथं ठेवा आणि प्रिंटरवरचं कॉपीचं बटण दाबा. कॉपी व्यवस्थित निघाली तर कागद, शाई, हेड (बारीक छिद्रांतून कागदावर शाई उडवणारा भाग), मोटर सगळं ठीक आहे. खोट लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यामधल्या दुव्यात आहे. कॉपीतही पट्टे असतील तर प्रिंटरच्याच मेन्यूतून नोझल चेकचं, म्हणजे हेडची छिद्रं चालतात का ते दाखवणाऱ्या रेघांचं, पान काढा. एका गोष्टीकडे लक्ष द्या: नोझल चेक स्वच्छ आणि कॉपीत मात्र डाग किंवा रेघ, असं दिसलं तर दोष स्कॅनरच्या काचेचा. वरून कागद आपोआप ओढणारा फीडर असेल तर मोठ्या काचेच्या शेजारी काचेची एक अरुंद पट्टी असते. तिच्यावर व्हाइटनरचा किंवा गोंदाचा एक ठिपका बसला तरी फीडरमधून जाणाऱ्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ उमटते. हा ठिपका नखाला जाणवतो, डोळ्याला दिसत नाही.

'ऑफलाइन'चं काय करायचं

प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती देणारं पान छापा. जवळपास प्रत्येक वाय-फाय प्रिंटरमध्ये ती सोय असते. त्यावर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा प्रिंटरचा क्रमांक, असेल. तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाइप करा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं तर वाय-फाय शाबूत आहे आणि गडबड लॅपटॉपमधल्या प्रिंटरच्या नोंदीत आहे. पान उघडलं नाही तर गडबड नेटवर्कमध्ये. या एका तपासणीने निम्मा गुंता सुटतो, आणि तरीही लोक ती सोडून ड्रायव्हर काढ-घाल करत बसतात.

नेटवर्कची नेहमीची कारणं मोजकीच आहेत. राउटर बंद-चालू झाला की तो कधीकधी प्रिंटरला वेगळा पत्ता देतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी तो पत्ता कायमचा राखून ठेवला की हे दुखणं संपतं. दुसरं, अनेक घरगुती प्रिंटर वाय-फायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात. राउटर बदलला किंवा त्याने 5 गिगाहर्ट्झचं नाव वेगळं केलं की प्रिंटर हरवल्यासारखा होतो. तिसरं, लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर, जोडलेला असतो आणि गेस्टवरची उपकरणं राउटर मुद्दामच एकमेकांना दिसू देत नाही.

विंडोजमध्ये प्रिंटरच्या रांगेत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर खूण आहे का ते पाहा. त्याच प्रिंटरच्या 'कॉपी 1', 'कॉपी 2' अशा नोंदी झाल्या असतील तर सगळ्या काढून टाका आणि नव्याने जोडताना आयपी पत्ता देऊन जोडा. विंडोज बऱ्याचदा स्वतःहून डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट (प्रिंटरशी बोलण्याची वाट) निवडतं आणि घरगुती वाय-फायवर ते पोर्ट वारंवार दगा देतं. टीसीपी/आयपी पोर्ट जास्त भरवशाचं. एखादं काम रांगेत अडकून डिलीटच होत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमध्ये स्पूल आणि त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या फाइली पुसा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. मॅकवर प्रिंटरच्या यादीवर उजवं क्लिक करून 'रिसेट प्रिंटिंग सिस्टिम' निवडलं की सगळे प्रिंटर निघून जातात आणि नव्याने जोडता येतात.

एवढं करूनही त्रास राहिला तर यूएसबीची केबल लावा आणि विषय संपवा. लॅपटॉप प्रिंटरशेजारीच राहत असेल तर वाय-फायचा अट्टहास कशाला?

कागद ओढण्याचा त्रास

हे सगळ्यात सोपं. कागद उचलणारा रोलर रबराचा असतो. कागदाची पांढरी भुकटी त्यावर बसते, रबर चकचकीत होतं आणि कागदावरून घसरायला लागतं. प्लग काढा, न उसवणारं सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर हाताने फिरवत पूर्ण घेर पुसा. समोर दिसणाराच भाग पुसून थांबू नका. कापड पहिल्यांदा राखाडी निघेल. ते स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा आणि रोलर पूर्ण वाळू द्या. रबराला थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं आणि चिरतं.

दोन-तीन कागद एकदम जातात तेव्हा दोष बहुधा रोलरच्या समोरच्या छोट्या पट्टीचा असतो. रबराची किंवा कॉर्कची ही पट्टी वरचा कागद जाऊ देते आणि खालचे थोपवते. तीही तशीच पुसा. ती झिजून मध्ये खोलगट झाली असेल तर बदला. भाग किरकोळ असतो. कागदही तपासा. दमट हवेत उघड्या पडलेल्या गठ्ठ्यातले कागद एकमेकांना चिकटतात. गठ्ठा ट्रेमध्ये ठेवण्याआधी कडेने फडफडवून घ्या, ट्रे काठोकाठ भरू नका आणि बाजूचे मार्गदर्शक कागदाला टेकतील इतकेच सरकवा, दाबू नका.

अडकलेला कागद ओढताना तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश. तुकडा आत राहिला तर तो पुढे दर वेळी कागद अडवतो आणि सहसा सापडत नाही. मागचं झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात पाहा.

पट्टे: इथे घाई करू नका

आता तुमचं खरं दुखणं. आधी तुमच्या प्रिंटरचं हेड कुठे आहे ते ओळखा. कार्ट्रिज काढून उलटं करा. त्यावर तांब्याच्या रंगाच्या संपर्कपट्ट्या आणि तळाला धातूची बारीक पट्टी दिसली तर हेड कार्ट्रिजमध्येच आहे; कार्ट्रिज बदललं की हेडही बदलतं. तळाला नुसतं शाई बाहेर पडायचं भोक आणि फार तर एखादी चिप असेल तर कार्ट्रिज म्हणजे केवळ शाईची डबी, हेड प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं आहे. तुम्ही नवं कार्ट्रिज टाकलं आणि पट्टे तसेच राहिले, त्यावरून तुमचं हेड दुसऱ्या प्रकारचं असण्याची शक्यता जास्त. नवी शाई त्याच चोक झालेल्या हेडमधून जाते, मग फरक पडणार कसा?

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट मात्र आधी बघा. नव्या कार्ट्रिजवर पिवळी किंवा नारिंगी टेप असते आणि तिच्याखाली हवा आत येण्याचं छिद्र असतं. टेप अर्धवट राहिली तर सुरुवातीला शाई येते आणि पान अर्ध्यावर गेलं की फिकट होत जाते, कारण आत हवाच शिरत नाही.

नोझल चेक लागोपाठ दोनदा काढा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. दोन्हींवर रेषा त्याच जागी तुटत असतील तर तिथली छिद्रं वाळलेल्या शाईने बंद झाली आहेत. तुटलेल्या जागा दर वेळी बदलत असतील तर छिद्रं उघडी आहेत, पण शाईच्या वाटेत हवा शिरली आहे किंवा शाई पुरेशी पोचत नाही. या दोन दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला भिजवणं लागतं, दुसऱ्याला थांबणं. प्रिंटर काही तास शांत ठेवला की बुडबुडे बऱ्याचदा आपोआप वर सरकतात.

हेड क्लीनिंगचं बटण दोनदा, फार तर तीनदा. प्रत्येक वेळी नोझल चेक काढा. सुधारणा दिसत असेल तर थांबून रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. दरम्यान ताजी शाई वाळलेली शाई मऊ करत असते. लागोपाठ दहा-दहा वेळा क्लीनिंग करणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की असं करू नका. क्लीनिंग म्हणजे पंपाने हेडमधून शाई ओढून खाली टाकून देणं. ती शाई प्रिंटरच्या तळाशी नमद्यासारख्या जाड पॅडमध्ये साठते. पॅड भरलं की काही मॉडेलं सरळ बंद पडतात आणि एक अवघड संदेश दाखवतात. शिवाय थर्मल हेडमध्ये शाई उकळवून थेंब उडवला जातो. तिथे शाई पोचत नसताना छापत राहिलात तर आतला हीटर कोरडाच तापतो आणि जळतो, मग ते हेड कोणीच वाचवू शकत नाही. एचपी आणि कॅननचे घरगुती इंकजेट या थर्मल पद्धतीचे. एप्सन आणि ब्रदर पिझो क्रिस्टल (वीज दिली की आकार बदलणारे स्फटिक) वापरतात, तिथे उष्णतेचा प्रश्न नसतो, पण हेड बहुधा महाग आणि यंत्रातच घट्ट बसवलेलं असतं.

क्लीनिंगने अजिबात फरक पडत नसेल तर हेडच्या आधी कॅप बघा. पेनाला टोपण असतं तशी हेड विसाव्याला जातं तिथे, बहुतेक यंत्रांत उजव्या टोकाला, रबराच्या कडेची एक छोटी वाटी असते. हेड तिच्यावर बसलं की हवा बंद होते आणि शाई वाळत नाही. क्लीनिंगच्या वेळी पंप याच वाटीतून शाई ओढतो. रबराच्या कडेवर एक केस किंवा वाळलेल्या शाईचा खडा आला की वाटी हेडला घट्ट बसत नाही. पंप शाईऐवजी हवा ओढतो आणि तुम्ही कितीही क्लीनिंग केलं तरी काही घडत नाही. अशा अवस्थेत हेड बदलून घेतलेली यंत्रंही माझ्याकडे आली आहेत, आणि दोष फक्त त्या वाटीचा होता.

ती साफ कशी करायची ते सांगतो. प्रिंटर चालू करा, हेड उजव्या टोकावरून हलून मध्ये आलं की प्लग काढा. आता हेड हाताने हलकेच डावीकडे सरकतं. सरकत नसेल तर जबरदस्ती करू नका. वाटी दिसेल, आत बहुधा स्पंजसारखा तुकडा असतो. डिस्टिल्ड पाणी ड्रॉपरने चार-पाच थेंब त्यात सोडा, वाटी ओसंडू देऊ नका. कापसाचे धागे सुटणार नाहीत अशा काडीने रबराची कड चारही बाजूंनी पुसा. शेजारी रबराची उभी पट्टी असते, हेडचं तोंड पुसणारी. तिच्यावर शाईचा थर साचलेला असतो, तोही काढा. मग वाटीत पुन्हा दोन-तीन थेंब सोडून हेड तिच्यावर सरकवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी एक क्लीनिंग, एक नोझल चेक. वाटीतलं पाणी क्लीनिंगनंतर खाली ओढलं गेलं असेल तर पंप चालतोय. तसंच साचून राहिलं तर पंप किंवा त्याची नळी तुंबली आहे, ते काम दुरुस्तीवाल्याचं.

हेड कार्ट्रिजमध्ये असेल तर काम सोपं: कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर कार्ट्रिजचं तळ मिनिटभर टेकवा, शाईचा स्वच्छ ठसा उमटला की कोरड्या टिश्यूवर टिपा. घासू नका. तांब्याच्या पट्ट्यांना हाताचं तेल लागू देऊ नका. नळाचं पाणी कुठेच नको, त्यातले क्षार छिद्रांत बसतात.

हेडच्या मार्गालगत एक पारदर्शक अरुंद फीत ताणलेली असते, तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेघा असतात. हेड कुठे आहे हे प्रिंटरला तिच्यावरून कळतं. साफसफाई करताना तिला बोट लागलं, शाई किंवा तेल बसलं, की हेड कडेला आपटतं, अक्षरं दुहेरी येतात, नाहीतर कॅरेज (हेड वाहून नेणारा भाग) अडकल्याचा एरर येतो. मळली असेल तर किंचित ओलसर कापडाने हलकेच पुसा.

वेस्ट इंक पॅड भरल्याचा संदेश आला तर घाबरू नका, यंत्र मेलेलं नाही. नव्या मॉडेलांत ते पॅड मेंटेनन्स बॉक्सच्या रूपात घरच्या घरी बदलता येतं. जुन्यांत तळ उघडून बदलावं लागतं. नुसता काउंटर सॉफ्टवेअरने शून्यावर आणून पॅड तसंच ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो मानू नका, शाई कधीतरी टेबलावर येते.

कुठे थांबायचं

रोलर, पट्टी, कॅप, पॅड, जोडणी ही कामं कायम करण्यासारखी आहेत. हेड जळालं किंवा मुख्य सर्किट बोर्ड गेला तर हिशेब करावा लागतो. हेड जळाल्याची खूण अशी: नोझल चेकमध्ये एक रंग संपूर्ण किंवा त्याचा सलग मोठा ठोकळा गायब, भिजवून, क्लीनिंग करून, शाई बदलूनही एक रेघ परत येत नाही. अशा वेळी दुरुस्तीचा अंदाज तेवढ्याच ताकदीच्या नव्या यंत्राच्या निम्म्यापेक्षा जास्त येत असेल, तर मी स्वतः ग्राहकाला नको म्हणून सांगतो. चार-पाच वर्षं जुन्या यंत्रात हेड नवं आणि बाकी सगळं जुनं राहतं, पुढचा खर्च कुठून येईल सांगता येत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला हेड जळाल्याची शंका येत नाही. पट्टे आहेत, म्हणजे मधल्या रेषा येतायत. कॅप साफ करून, दोन रात्री धीर धरून पाहा. हे सगळं करायला लागणारं साहित्य म्हणजे डिस्टिल्ड पाणी, काड्या आणि कापड.

नवा घ्यायचा तर

लोक आधी वैशिष्ट्यांची यादी बघतात, मग किंमत. मी पहिला प्रश्न विचारतो तो वेगळाच: दोन प्रिंटांमध्ये किती दिवस जातात? इंकजेट वापरून जितका बिघडतो त्यापेक्षा पडून राहून जास्त बिघडतो. तो मधूनमधून स्वतःच हेड साफ करत राहतो, आणि फार कमी छापणाऱ्या घरात शाईचा बराच हिस्सा कागदावर न जाता त्या पॅडमध्येच जातो. लेझरमधला टोनर ही प्लास्टिकची कोरडी भुकटी असते. ती वाळण्याचा प्रश्नच नाही. तीन महिने हात लावला नाही तरी पहिलं पान स्वच्छ निघतं.

म्हणून महिन्यातून दोनदा, बहुतेक काळा मजकूर, या तुमच्या वापराला काळा-पांढरा लेझर बसतो. अधूनमधून लागणारी रंगीत पानं बाहेरून काढून आणा. वर्षाची मिळून ती थोडीच असतात. रंगीत पानं दर आठवड्याला लागत असतील, तरच इंक टँक. आणि घरी फोटो छापायचे असतील तर लेझरचा नाद सोडा, ते काम इंकजेटचंच.

इंक टँकच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो: एका बाटलीत हजारो पानं. खरं आहे. पण तुमच्या आकड्यांवर तो ताडून पाहा. महिन्याला 30 पानं धरली, म्हणजे तुमच्या आजच्या वापरापेक्षा बहुधा जास्तच, तरी वर्षाची 360 आणि पाच वर्षांची 1,800 होतात. काळ्या शाईची एक बाटली साडेचार हजार पानं देणार असेल तर पाच वर्षांत ती संपणारही नाही, आणि तोवर शाई जुनी होईल. बचत हजारो पानं छापणाऱ्याची होते. त्याच 1,800 पानांसाठी लेझरला सोबत आलेला टोनर आणि वर एखादं पूर्ण कार्ट्रिज लागेल. सोबतचं कार्ट्रिज बऱ्याचदा अर्धवट भरलेलं असतं, हे खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

पानामागचा खर्च काढताना कार्ट्रिजची किंमत भागिले त्याची पानं, एवढंच गणित. पानांचा आकडा कशावर मोजलाय ते बघा: काळ्या टोनरसाठी आयएसओ/आयईसी 19752, रंगीत टोनरसाठी 19798, रंगीत इंकजेटसाठी 24711 ही मानकं आहेत. त्यांवर मोजलेले आकडे एकमेकांशी ताडता येतात. मात्र ही चाचणी जवळपास सलग छापून होते. महिन्यातून दोनदा छापणाऱ्याच्या इंकजेटला तेवढी पानं कधीच मिळत नाहीत, आणि फोटोने भरलेलं पान साध्या मजकुराच्या कित्येक पट शाई खातं.

लेझर निवडताना ड्रम (ज्यावर टोनरने आधी पानाचं चित्र उमटतं ते नळकांडं) वेगळा आहे की टोनरच्याच कार्ट्रिजमध्ये आहे ते पाहा. वेगळा असेल तर टोनर स्वस्त पडतो आणि ड्रम बऱ्याच काळाने बदलावा लागतो. एकत्र असेल तर दर वेळी ड्रमचेही पैसे जातात, पण छपाईत काही खोट आली की कार्ट्रिज बदलताच ती जाते. कमी छापणाऱ्या घराला दोन्ही चालतात. दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय मात्र घ्याच. एअरप्रिंट (आयफोनसाठी) आणि मोप्रिया (अँड्रॉइडसाठी) या दोन्हींना चालणारा घेतलात तर फोनवरून वेगळ्या ॲपशिवाय छापता येतं आणि ड्रायव्हरची कटकट बरीच कमी होते. यूएसबीचं पोर्ट हवंच.

इंक टँक घेतलात तर मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो का आणि हेड काढता येतं का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला आधी विचारा. काळी शाई पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) आहे की डाय (विरघळलेल्या रंगाची) हेही विचारा. पिगमेंट पाण्याने सहसा पसरत नाही, डाय पसरते. टँकचा प्रिंटर हलवताना कधी आडवा करू नका.

काही मॉडेलं फक्त कंपनीचीच चिप असलेली कार्ट्रिजं स्वीकारतात आणि फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर इतर कार्ट्रिजं नाकारतात. काही योजनांमध्ये प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला असावाच लागतो आणि वर्गणी थांबली की आतली शाईही चालत नाही. काही ऑल-इन-वन तर एक रंग संपला की स्कॅनही करू देत नाहीत. मला हे योग्य वाटत नाही. विकत घेतलेल्या यंत्राने मालकाला अडवू नये. अटी वाचा आणि न पटल्या तर दुसरं मॉडेल घ्या.

लेझर घरात आणताना दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. त्याचा फ्यूजर टोनर वितळवून कागदावर बसवतो, तिथलं तापमान साधारण 200 अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि तापताना तो झटक्यात बरीच वीज ओढतो. यूपीएसवर तो लावू नका. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर त्यात घालू नका, वरचा थर वितळून रोलरला चिकटतो. टोनर सांडला तर थंड पाण्याच्या ओल्या कापडाने पुसा. गरम पाण्याने तो चिकटतो आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर उडतो. ड्रम उजेडात ठेवू नका.

पुढे कधी लेझरच्या पानावर ठरावीक अंतराने डाग आला तर पट्टीने दोन डागांमधलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे दोष असलेल्या रोलरचा घेर. घरगुती लेझरमध्ये ड्रमचा घेर अनेकदा 75 किंवा 94 मिलिमीटर असतो. अंतर त्याच्याशी जुळलं तर ड्रमवर ओरखडा किंवा चिकटलेलं काहीतरी आहे. अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर आधी सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बघा. जाड कागदाला 'प्लेन' निवडलेलं असतं म्हणून टोनर नीट तापत नाही, आणि लोक फ्यूजर गेला समजतात.

इंकजेट ठेवायचं ठरवलंत, जुना किंवा नवा, तर दोन सवयी लावून घ्या. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचं बटण आधी दाबलं आणि हेड मध्येच असलं, तर ते कॅपवर न बसता रात्रभर उघडं राहतं. तुमच्यासारखे पट्टे येण्याचं हे एक मोठं कारण आहे. आणि आठवड्यातून एकदा, काम असो वा नसो, चारही रंग असलेलं एक पान छापा.

जुना प्रिंटर अखेर द्यायचाच झाला तर त्यातला स्कॅनर चालतोय का बघा. शाईची अट न घालणारं मॉडेल असेल तर नव्या लेझरशेजारी तो नुसता स्कॅनर म्हणून पुष्कळ वर्षं काम देतो, आणि मग स्कॅनर नसलेला साधा लेझर घेऊन भागतं. तसं नसेल तर मेन्यूतून फॅक्टरी रिसेट करा, कारण आत तुमच्या वाय-फायचा पासवर्ड साठवलेला असतो. कार्ट्रिजं काढून पिशवीत बांधा, काचेखाली एखादं कागदपत्र राहिलेलं नाही ना ते पाहा आणि यंत्र ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.